शुक्रवारचं हेलिकॉप्टर

माझी बायको गेली त्या वर्षी, दर शुक्रवारी दुपारी, माझ्या जेवणाच्या टेबलावर एक रशियन लढाऊ हेलिकॉप्टर पडत असे. पाडायचा माझा मेहुणा. मी फक्त वाचायचो. पण त्यातली काही हेलिकॉप्टरं माझ्यामुळे पडली, आणि ती गोष्ट मी आजवर एकदाच सांगितली आहे.

मी तेव्हा भिवंडीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत होतो. माझे बहुतेक विद्यार्थी वाणिज्य शाखेचे. मराठी हा त्यांच्या दृष्टीनं पास होण्यापुरता विषय होता, आणि ते त्या मर्यादेचं काटेकोर पालन करत. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. भिवंडीजवळच्या शेलार गावात त्याचा चोवीस लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना. नववीत नापास झाल्यावर तो वडिलांबरोबर कारखान्यात उभा राहिला तो आजतागायत. लग्नानंतरच्या अठरा वर्षांत आमचं दोघांचं बोलणं एकत्र केलं तर तासभर भरलं असतं. दिवाळीला तो विचारायचा, "काय भावोजी, कसं काय?" मी म्हणायचो, "बरं चाललंय." बाकीचं सगळं बायको दोन्हीकडून बोलून टाकायची.

तेराव्यानंतरच्या शुक्रवारी तो रिक्षातून एक कॉम्प्युटर घेऊन आला. बरोबर स्पायरल बायंडिंग केलेले दोन जाड खंड होते.

"भावोजी, हे सगलं इंग्लिश हाय," तो म्हणाला. "तुम्ही वाचायचं, मी उडवायचं."

याच्या मागे एक लग्न होतं. त्या काळात राहनाळच्या बाजूला शेतांची गोदामं झाली होती आणि नवरदेव हेलिकॉप्टरनं यायला लागले होते. अशाच एका लग्नात, कापणी झालेल्या शेतात चुन्यानं गोल आखायचं काम माझ्या मेहुण्याकडे होतं. हेलिकॉप्टर उतरलं, नवरदेव गेला, आणि यानं पायलटला विचारलं की हे चालवायला काय लागतं. काळा चष्मा लावलेला तो पोरगेला पायलट म्हणाला, "दोन हात, दोन पाय, आणि चारींनी एकाच वेळी वेगळं काम करायला हवं. तुमच्यानं नाही व्हायचं, काका." मेहुणा तेव्हा अडतीस वर्षांचा होता. त्याला काय जास्त लागलं ते बायकोनं मला हसत हसत सांगितलं होतं: नाही व्हायचं हे नाही, काका हे.

मग त्यानं मुंबईच्या बाजारातून हेलिकॉप्टर उडवायच्या एका कॉम्प्युटर-खेळाची डिस्क मिळवली. खेळ म्हणावा तर खेळ नव्हता. एकाच माणसानं चालवायचं, एकावर एक दोन पंखे असलेलं ते हेलिकॉप्टर पडद्यावर जसंच्या तसं उभं केलं होतं. त्यातलं प्रत्येक बटण खरं बटण होतं आणि चुकीच्या क्रमानं दाबलं तर इंजिन खरंच चालू होत नसे. दोन खंडांतली चारेकशे पानं त्यासाठीच होती.

मी हो म्हणालो ते त्याच्यासाठी. त्याची एकुलती एक बहीण गेली होती, त्याला काहीतरी विरंगुळा हवा, असं मी स्वतःला समजावलं. त्यानं घरी सांगितलं होतं, भावोजी एकटे पडलेत, त्यांना काहीतरी विरंगुळा हवा. त्यामुळे पहिले दोन-तीन महिने आम्ही एकमेकांवर उपकार करत होतो आणि दोघंही संध्याकाळपर्यंत दमून जात होतो.

शुक्रवार निवडला तो त्यानं नाही, गावानं. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात. एरवी ज्या खडखडाटाची आपल्याला सवय होऊन तो ऐकू येईनासा झालेला असतो, तो शुक्रवारी थांबला की एकदम ऐकू येतो. शिवाय लूम बंद म्हणून विजेचा दाब बरा असतो आणि कॉम्प्युटर मध्येच मान टाकत नाही. अर्थात दुपारी केव्हातरी भारनियमन व्हायचंच. पण तेवढं लढाऊ वैमानिकानं गृहीत धरायचं.

हेलिकॉप्टर सुरू करायला सुरुवातीला आम्हाला पंचवीस मिनिटं लागत. सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी सांगतात आणि यजमान करतो, तसं आमचं चाले. मी खंड मांडीवर घेऊन वाचायचो: बॅटरी एक, बॅटरी दोन, इंधनाचे पंप, डावं इंजिन. तो बोटानं पडद्यावर शोधायचा, सापडलं की "हं" म्हणायचा. मध्ये कधी विधी चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. नैवेद्याच्या जागी चहा.

मी मराठीचा माणूस असल्यामुळे मला भागांना मराठी नावं द्यायची हौस आली. डाव्या हातानं जो दांडा वर ओढला की हेलिकॉप्टर वर जातं, त्याला मी 'उत्थापक' म्हणालो. मेहुण्यानं माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं.

"हँडल बोला ना, भावोजी."

आणि ते हँडलच होतं. त्यानं कारखान्यातल्या भंगारातलं एका मोडक्या लूमचं हँडल आणून, ते एका जुन्या जॉयस्टिकच्या तारांना जोडून टेबलाच्या डाव्या बाजूला ठोकलं होतं. खाली पायासाठी दोन पट्ट्या केल्या होत्या. हे सगळं त्यानं एका शुक्रवारच्या सकाळी केलं. मी त्या वेळात प्रस्तावना वाचत होतो.

या हँडलनंच पहिला घात केला. लूमवर धागा तुटला की कारीगर काय करतो? हँडलवर थाप मारतो. लूम जागच्या जागी थांबतो, गाठ मारायची, पुन्हा सुरू. जो जितक्या लवकर थांबवेल तितका तो हुशार, कारण थांबवलं नाही तर कापड बिघडतं. माझ्या मेहुण्यानं हे वयाच्या पंधराव्या वर्षापासून केलं होतं. आता हवेत असताना समोर तांबडा दिवा लागला की त्याचा डावा हात विजेसारखा हँडलवर आपटायचा. हँडल खाली गेलं की पंख्यांचा उचलण्याचा जोर जायचा, आणि दहा टनांचं हेलिकॉप्टर सुताच्या गठ्ठ्यासारखं सरळ खाली यायचं. दिवा लागायचा तो बऱ्याचदा क्षुल्लक कारणासाठी. मरण यायचं ते हुशारीनं.

"का थांबवलंस?" मी विचारायचो.

"मी कुटं थांबवलं? हातानं थांबवलं."

शेवटी त्यानं डावा हात रुमालानं हँडलला बांधून घेतला. दोन महिने त्याचा एक हात असा बांधलेला असे आणि चहा मी त्याला उजव्या हातात द्यायचो.

दुसरी अडचण कानांची. बारीक, उंच आवाज त्याला नीट ऐकू येत नसत. लूमवर आयुष्य काढलेल्या माणसांचं होतं तसं. या हेलिकॉप्टरमध्ये धोक्याच्या सूचना देणारी एक बाई होती. ती रशियनमध्ये बोलायची, त्यामुळे तशी मलाही ती निरुपयोगीच होती, पण ती बोलतेय एवढं तरी मला कळायचं. मेहुण्यानं मला कारखान्यातल्या खुणा शिकवल्या. तिथं बोललेलं ऐकू येतच नाही. सगळे बोटांनी बोलतात आणि ओठ वाचतात. तळहात खाली म्हणजे हळू, दोन बोटं डोळ्यांकडे म्हणजे तिकडे बघ, मनगट झटकलं म्हणजे सोड आता, गेलं. माझं मनगट त्या वर्षी फार झटकलं गेलं.

पावसाळा संपता संपता तो हवेत टिकायला लागला. मग एका शुक्रवारी तो सलग नऊ मिनिटं उडाला. डोंगर, एक नदी, एक रिकामा रस्ता. मला खुणा करायचीही गरज पडली नाही. उतरवताना मात्र एकाएकी हेलिकॉप्टर डोलायला लागलं, त्यानं उजव्या हातातली दिशेची दांडी एकीकडे ओढली, यंत्रानं दुसरीकडे, आणि ते धावपट्टीच्या कडेला आडवं झालं. पण तो खुशीत होता. रुमाल सोडत म्हणाला, "एकदा हे उतरवलं का झालं, भावोजी. मंग तुम्ही सुटलात."

तो गेल्यावर मी ते वाक्य घेऊन बराच वेळ बसलो. सुटलात.

आठवडाभरापूर्वीच मी सासरी जाऊन आलो होतो. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर न बघता, कसलाही राग नसताना, नुसता हिशेब लागत नसल्यासारखं म्हटलं, "चार-पाच म्हैन्यांनी वरीस होईल. बाय व्हती तवर येनं-जानं व्हतं. आता कोनाच्या नावावर?" मूल नव्हतं आम्हाला. प्रश्न बरोबर होता. मेहुणा हे नातं बायकोकडून येतं. ती नाही तर तो माझा कोण? आणि आता उत्तर माझ्या समोर होतं. तो माझं वाचणं ऐकणारा होता, हेलिकॉप्टर उतरेपर्यंत.

मी वर्गात शिकवायच्या आधी तयारी करतो तशी गुरुवारी संध्याकाळी पुढच्या पानांची तयारी करून ठेवायचो, समासात पेन्सिलीनं मराठीत टिपा काढायचो. त्या गुरुवारी समोर चार पानं आली, आणि ती वाचून होताच मला कळलं की हेलिकॉप्टर का डोलतं. यंत्रात एक स्वयंचलित चालक असतो. तुम्ही शेवटी जी स्थिती ठरवून दिली ती तो धरून ठेवतो. मेहुणा त्याला 'जॉबर' म्हणायचा, कारखान्यातल्या मिस्त्रीवरून, कारण कुणी न सांगता सगळं दुरुस्त करत फिरायची त्याला खोड होती. तुम्ही दांडी हलवलीत की जॉबरला वाटतं काहीतरी बिघडलंय, आणि तो हेलिकॉप्टर परत जुन्या स्थितीत ओढतो. उपाय सोपा होता. दांडीवर एक बटण असतं. नवी स्थिती आली की ते दाबायचं. म्हणजे जॉबरला कळतं, आता हे असंच हवंय.

एक बटण. शुक्रवारी मी ती चार पानं एकदम उलटली.

"मधी काय हाय?" त्यानं विचारलं.

"तांत्रिक आहे," मी म्हणालो. "आपल्याला उपयोगाचं नाही."

लढाऊ हेलिकॉप्टरच्या पुस्तकात तांत्रिक म्हणून काही वगळण्याची ही बहुधा पहिलीच वेळ असावी. पण त्यानं मान हलवली. मी शिकलेला माणूस होतो.

त्यानंतरचे अकरा शुक्रवार तो जॉबरशी झगडला. त्याच्या मानेवर घाम यायचा. "ह्यो जॉबर मना जगू देत न्हाय," तो म्हणायचा. "जल्ला, मी डावीकडं घेतो, ह्यो उजवीकडं." मी म्हणायचो, "जमेल. धीर धर." मी त्या काळात फार चांगला माणूस झालो होतो. त्याच्यासाठी पोहे करायला शिकलो. त्याला आवडतो तसा आल्याचा चहा करायचो. हेलिकॉप्टर पडलं की सगळ्यात आधी मीच म्हणायचो की या वेळी आधीपेक्षा बरं पडलं.

बाराव्या शुक्रवारी दोनच्या सुमाराला वीज गेली. मी चहा टाकायला आत गेलो. त्याला करायला काही नव्हतं म्हणून तो खंड उघडून हेलिकॉप्टरची चित्रं बघत बसला. मी दोन कप घेऊन बाहेर आलो तेव्हा खंड त्याच्या मांडीवर होता आणि तो चित्रं बघत नव्हता.

शिक्षकाची खोड जात नाही. लपवायची ती पानंही मी तयारी करूनच लपवली होती. समासात सुवाच्य अक्षरात सगळं लिहिलेलं होतं: बटण कुठे, केव्हा दाबायचं, जॉबरला कसं कळतं. आणि खाली, एक रेघ ओढून, मी स्वतःसाठी नोंद केली होती: हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

"हे काय लिव्हलंय?" त्यानं विचारलं.

मी कप खाली ठेवले.

"मराठी हाय, भावोजी. मना वाचता येतं."

"हो."

"कवा वाचलंत?"

"भाद्रपदात."

तो बोटांवर मोजत बसला. "अकरा शुक्रवार," तो म्हणाला. "अकरा शुक्रवार मी मरतंय, आन् तुम्ही बसून बोलताय, जमेल."

"मला सांगायचं होतं."

"मी नववी नापास, म्हनून ना? ह्याला काय कलतंय."

"तसं नाही."

"मंग कसं?"

इथं मी उत्तर द्यायला हवं होतं. उत्तर मला ठाऊक होतं, ते एका वाक्याचं होतं. मी अठरा वर्षांत त्याच्याशी असं वाक्य बोललो नव्हतो. मी म्हणालो, "चहा थंड होतोय."

त्यानं खंड मिटला, टेबलावर सरळ ठेवला, आणि गेला. चपला घालताना पाठमोरा म्हणाला, "त्यो पायलट तरी तोंडावर बोलला."

पुढचे दोन शुक्रवार तो आला नाही. कॉम्प्युटर माझ्याकडेच होता. दुसऱ्या शुक्रवारी मी स्वतःच त्या खुर्चीत बसलो. मला चारशे पानं जवळजवळ पाठ होती, ती चार तर विशेष. मी सगळं विधिवत सुरू केलं, हँडल वर घेतलं, आणि तीन सेकंदांत उलटा झालो. पुन्हा केलं. पाच सेकंद. संध्याकाळपर्यंत माझा उच्चांक सात सेकंदांचा होता. बटण केव्हा दाबायचं ते मला पूर्ण माहीत होतं. दाबण्यासारखी स्थितीच एकदाही आली नाही. ज्या माणसाला मी अज्ञानात ठेवलं होतं तो त्या अज्ञानासह नऊ मिनिटं उडत होता.

नंतरच्या मंगळवारी कॉलेज सुटल्यावर मी शेलारला गेलो. कारखान्यात मी अठरा वर्षांत दोनदाच गेलो होतो, दोन्ही वेळा दसऱ्याला, लूम बंद असताना. चालू कारखाना ही वेगळी गोष्ट आहे. दारातून आत पाऊल टाकलं की आवाज ऐकू येत नाही, तो अंगावर येतो. आपण बोलतोय हे आपल्यालाही घशावरूनच कळतं. मेहुणा शेवटच्या रांगेत एका लूमवर वाकलेला होता. मला बघून त्यानं भुवया वर केल्या. काय?

मी वाटेत एक वाक्य तयार केलं होतं. चांगलं होतं, दोन गौणवाक्यं असलेलं. ते मी मोठ्यानं म्हटलं. त्यानं कानाला हात लावून मान हलवली. मी पुन्हा म्हटलं, गौणवाक्यं गाळून. त्यानं पुन्हा मान हलवली. मग तो पुढे आला आणि माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, "हिंदीत बोला! हितं ओठ हिंदीत वाचतात!"

त्याला मराठी ओठ वाचता येत नव्हते यावर माझा आजही विश्वास नाही. पण मी अपराधी होतो आणि अपराध्याला भाषा निवडता येत नाही. मी सावकाश, एकेक शब्द ओठांनी आखत म्हणालो, "मैंने चार पन्ने छुपाए."

त्यानं हात उलटा केला. का?

"हेलिकॉप्टर उतर गया तो... तू आना बंद करेगा. इसका मेरेको डर लगा."

तो माझ्याकडे बघत राहिला. आणि तेव्हा मला जाणवलं की बघणारा तो एकटा नव्हता. दोन्ही रांगांतले कारीगर माझ्या ओठांकडे बघत होते. तिथं कोणी चोरून ऐकत नाही. तोंड दिसलं की बोलणं सगळ्यांचं. माझ्या अठरा वर्षांच्या संकोचातून निघालेलं ते एकुलतं एक वाक्य डझनभर माणसांनी एकाच वेळी वाचलं होतं. एकानं शेजारच्याला खुणेनं विचारलं, कोण? शेजाऱ्यानं कपाळावर टिकलीची खूण केली आणि बोट आकाशाकडे नेलं. बहिणीचा नवरा. जी गेली तिचा.

आझमगढकडचा एक पांढऱ्या दाढीचा कारीगर मधल्या रांगेत होता. त्यानं स्वतःच्या लूमच्या हँडलवर थाप मारली, शेजारच्यावर मारली, आणि आवाजात तेवढं एक भोक पडलं. त्या भोकातून तो ओरडला, "सेठ, माफ कर दो मास्टरजी को! सब इन्हीं को देख रहे हैं, इधर कपड़ा खराब हो रहा है!"

खरंच होत होतं. माझ्याकडे बघण्याच्या नादात तीन लूमवर धागे तुटले होते आणि कापडात रिकाम्या पट्ट्या पडत चालल्या होत्या. मेहुण्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मला दंडाला धरून बाहेर आणलं.

बाहेर ऊन होतं. माझे कान बंद झाले होते. त्यानं टपरीवाल्याला दोन बोटं दाखवली. मग म्हणाला, "मराठीचे प्रोफेसर आन् हिंदी कसली तुमची. मेरेको डर लगा."

"वाईट होती का?"

"कलली ना सगल्यांना." त्यानं चहाचा ग्लास माझ्या हातात दिला. "शुक्रवारी येतो. आन् सगलं वाचायचं. 'हे पान मुद्दाम कोरं सोडलं हाय' असं लिव्हलेलं पान बी वाचायचं."

शुक्रवारी त्यानं मला ती चार पानं तीनदा वाचायला लावली, माझ्या टिपांसकट. शेवटची टीप त्यानं स्वतः मोठ्यानं वाचली, मग माझ्याकडे बघून खोकला. बटण अंगठ्यात बसायला त्याला अर्धा तास लागला. रुमालाची गरज आता नव्हती. साडेतीनच्या सुमाराला तो डोंगराला वळसा घालून धावपट्टीवर आला, वेग कमी केला, बटण दाबलं, थोडं खाली, पुन्हा बटण. जॉबर पहिल्यांदाच त्याच्या बाजूनं होता. हेलिकॉप्टर जमिनीपासून हातभर अंतरावर क्षणभर थांबलं, जणू काही विसरलंय, आणि मग टेकलं.

मी बंद करण्याची यादी वाचायला खंड उघडला. पण तो आधीच एकेक बटण बंद करत चालला होता, इंग्रजी नावं पुटपुटत, क्रमानं, एकही न चुकता. डावं इंजिन, उजवं इंजिन, पंप. त्याला सगळं पाठ होतं. किती महिन्यांपासून पाठ होतं ते मी विचारलं नाही. पंखे हळू होत होत थांबले. खोलीत कॉम्प्युटरच्या छोट्या पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

"झालं," तो म्हणाला.

"झालं."

"काका बोलला मना तो."

"हो."

मी दुसरा खंड पुढे ओढला. "यात शस्त्रं आहेत. तोफ, क्षेपणास्त्रं. शंभरेक पानं सहज होतील."

त्यानं खंडाकडे पाहिलं आणि मान हलवली. "मना कोनाला मारायचं न्हाय, भावोजी. मना उतरवायचं व्हतं."

वर्षभर आम्ही त्या हेलिकॉप्टरमधून एक गोळी झाडली नव्हती हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. तो उठून तारा काढायला लागला. कॉम्प्युटर मुलांना लागतो, म्हणाला. मी त्याला तारा गुंडाळायला मदत केली. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध होतं. कारखान्यात जे वाक्य डझनभर लोकांपुढे बोललो होतो, ते इथं दोघांतच बोलायचं होतं आणि ते जास्त अवघड जात होतं.

"पुढच्या शुक्रवारी ये," मी म्हणालो.

"काय करायला?"

"काही नाही. ये."

त्यानं तारेचं वेटोळं हातात धरून थोडा विचार केला. कारण नसताना कुणाच्या घरी जाऊन बसणं हे त्याच्या जगात फारसं होत नसावं. माझ्याही नव्हतं.

"वाचाल काय?" त्यानं विचारलं.

"काय वाचू?"

"कायपन. बाय बोलायची, भावोजी वाचतात तवा काय झोप लागते."

आमच्या लग्नानंतर रोज संध्याकाळी जेवणाआधी मी तिला काहीतरी वाचून दाखवत असे. कादंबऱ्या, निबंध, एक वर्षभर तर एका मोठ्या प्रवासवर्णनाचे खंड. ती भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायची. इतकं एकाग्र होऊन ऐकणारं माणूस मी वर्गात कधी पाहिलं नव्हतं, आणि तसं मी दोन-चार सहकाऱ्यांना सांगितलंही होतं.

"कधी म्हणायची?"

"कवापन. फोनवर. बोलायची, दोन पानाच्या वर मी कदी जागी रायलेच न्हाय. आन् तुम्ही थांबलात का जाग येते."

मी हसलो की काय केलं ते आता आठवत नाही. त्यानं वेटोळं खाली ठेवलं आणि परत खुर्चीत बसला.

मी कपाटातून एक पुस्तक काढलं, कुठलं ते न बघता, आणि पहिल्या पानापासून वाचायला लागलो. बाहेर शुक्रवारची शांतता होती. लांबून कुठून तरी एक टेम्पो गेला. तिसऱ्या पानावर मी नजर वर केली. त्याची मान खुर्चीच्या पाठीवर टेकली होती आणि तोंड किंचित उघडं होतं. मी थांबलो नाही.